तीनशे बारा जणांना गेलेलं गाऱ्हाणं

सागरवाट कॅरिअर्स, परळ
माहिती सुरक्षा विभाग, तिसरा मजला
२ डिसेंबर २०२५

श्री. धनेश मेस्त्री, कागदपत्र विभाग, तळमजला यांस,

काल दुपारी १ वाजून १२ मिनिटांनी तुमच्या खात्यावरून 'सर्व कर्मचारी' या पत्त्यावर एक मेल गेली. आपले कर्मचारी ३१२. त्यांतल्या १८७ जणांनी त्या मेलला सर्वांना दिसेल असं उत्तर दिलं, म्हणजे एकूण ५८,३४४ निरोप. १ वाजून ५० मिनिटांनी सर्व्हर बंद पडला आणि साडेचारपर्यंत बंदच राहिला. शिवडीच्या गोदामात कागदांवाचून अकरा ट्रक उभे होते.

उत्तरांची पहिली ओळ सगळीकडे एकच आहे: "व्हय म्हाराजा." कर्मचाऱ्यांच्या यादीत म्हाराजा नावाची नोंद सापडत नाही. ती व्यक्ती बाहेरची असल्यास नाव-पत्ता द्यावा. तसेच तुमच्या मेलमध्ये "जो कोण वाकडी वाट धरीत तेका सरळ वाटेर आण" असं वाक्य आहे. ही धमकी कोणासाठी होती, तेही कळवावं.

संगणक वापराच्या नियम ७ नुसार असे सामूहिक मेल पाठवण्यास मनाई आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तुमचं लॉगिन बंद राहील. तुम्हाला मेल येणार नाही आणि तुमची मेल जाणारही नाही, म्हणून हा पत्रव्यवहार कागदावर. उत्तर चहाच्या ट्रॉलीबरोबर वर पाठवलं तरी चालेल. पाकीट बंद असावं.

आरोही वासनिक

---

तळमजला, लिफ्टशेजारचं टेबल
३ डिसेंबर २०२५

आदरणीय आरोही मॅडम,

नमस्कार. दहावीच्या पेपरानंतर हातानं एवढं लिहिण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अक्षराला हसू नका. समोरचा संगणक बंद आहे आणि त्याच्या काळ्या काचेत मला दिवसभर माझंच तोंड दिसतंय. शिक्षा म्हणून एवढी पुरे आहे, असं माझं नम्र मत.

म्हाराजा बाहेरचा नाही, मॅडम. तो कुडाळजवळच्या आमच्या गावचा देव. जत्रेच्या आधी त्याच्यापुढे उभं राहून मोठ्यानं मागणं मागायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वाकडी वाट धरणाऱ्याला सरळ करायचं कामही देवाचंच, तुम्ही मनावर घेऊ नका. आम्ही लालबागचे लोक गावापासून लांब पडलो, म्हणून आपलं मागणं लिहून पाठवतो. देवळातले मानकरी अण्णा ते देवापुढे वाचतात. यंदा मी ते जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर टाइप केलं. नियम ३ मध्ये सुट्टीतला थोडा वैयक्तिक वापर चालतो म्हटलंय. तो एवढा एकच नियम मी मन लावून वाचलाय.

पत्ता निवडताना बोट घसरलं. 'अण्णा'च्या जागी 'सर्व कर्मचारी'. बाकी काही नाही.

लोकांनी उत्तरं का दिली, असं विचाराल. आपल्याकडे निम्मे लोक सिंधुदुर्गातले आणि उरलेले त्यांच्याशेजारी बसणारे. गाऱ्हाणं समोर आलं की कोकणी माणसाच्या तोंडून "व्हय म्हाराजा" शिंकेसारखं निघतं. थांबवायला गेलं तर नाक दुखतं. रे रोडचं गोदाम तर सबंध उभं राहून म्हणालं, असं ऐकतो.

चूक माझी, फक्त माझी. ताकीद द्या, कान धरा. एवढंच लक्षात असू द्या की मला इथं लागून अकरा महिने झालेत आणि जानेवारीत कायम व्हायचंय. आईनं पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली आहे.

आपला,
धनेश मेस्त्री

---

तिसरा मजला
४ डिसेंबर २०२५

श्री. मेस्त्री,

तुमचं उत्तर मिळालं. पाकिटावर चहाच्या कपाचं गोल आहे. 'गोपनीय' हा शब्द त्या गोलाच्या बरोबर मध्ये आला आहे.

गाऱ्हाण्याची माहिती दिल्याबद्दल आभार. मी नागपूरची. आमच्या घरात देवाकडे मागत नाहीत, अर्ज लिहितात. माझे वडील चाळीस वर्षं वस्तीतल्या लोकांना अर्ज लिहून देत आले आहेत. अर्जाचा एक फायदा असतो, त्यावर वेळ आणि सही असते.

आता वेळ आणि सहीबद्दल. मेल गेली १ वाजून १२ मिनिटांनी. दुसऱ्या मजल्यावरच्या स्टेशनरीच्या रजिस्टरमध्ये "१.१०, कागदाचं एक रीम" यापुढे तुमची सही आहे, आणि "१.१५, बदलून दुसरं रीम" यापुढेही तुमचीच. १.१२ ला तुम्ही दुसऱ्या मजल्यावर होतात. तुमचं बोट तळमजल्यावर कसं घसरलं?

दुसरं, मेलच्या पहिल्याच परिच्छेदात "माझ्या हातचा खातत ती सगळी लेकरां" असे शब्द आहेत. तुम्ही या ऑफिसात कोणाला जेवू घालता?

तुमच्या खात्यावरून दुसऱ्या कोणी मेल पाठवली असेल तर प्रकरण वेगळं होतं. पासवर्ड दिलेला असेल तर नियम ४ प्रमाणे परिविक्षेतल्या, म्हणजे अजून कायम न झालेल्या कर्मचाऱ्याची नोकरी जाते. आणि ती व्यक्ती कंपनीबाहेरची, म्हणजे कंत्राटदार किंवा पुरवठादार असेल, तर नियम ११ प्रमाणे तिचा गेटपास रद्द होतो आणि कंत्राटही जातं. मला १२ तारखेपर्यंत साहेबांना एक नाव द्यायचं आहे. खरं नाव द्यायचं आहे.

ता. क. मंगळवारपासून माझ्या टेबलावर रोज कोणीतरी खाण्याच्या वस्तू ठेवत आहे. परवा दोन केळी, काल राजगिऱ्याचा लाडू, आज डब्यात थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे पाहून हसतात. चौकशी अधिकाऱ्याला खाऊ देणं ही लाच आहे, हे तुमच्या मित्रांना सांगावं. सर्व वस्तू मी नोंदवून कपाटात ठेवल्या आहेत.

आरोही वासनिक

---

तळमजला
५ डिसेंबर २०२५

मॅडम,

थालीपीठ कपाटात ठेवू नका. मुंग्या नियम वाचत नाहीत.

रीमचं म्हणाल तर मी पायानं चपळ आहे. लालबागच्या गर्दीत वाढलेला माणूस तीन मिनिटांत कुठूनही कुठे पोचतो. आणि जेवू घालण्याचं म्हणाल तर मी ऑम्लेट बरं करतो, आमच्या टेबलावर सगळ्यांनी खाल्लंय. लिहिताना मलाच हसू येतंय, पण माझं उत्तर हेच.

पासवर्ड मी कोणालाही दिलेला नाही. हे मात्र अगदी खरं आहे, आईची शपथ.

मॅडम, तुमच्या इंग्रजी नियमांत 'थर्ड पार्टी', म्हणजे त्रयस्थ, असा एक शब्द आहे. मी पुन्हा पुन्हा वाचला. काही माणसं चौदा-चौदा वर्षं रोज या इमारतीत येतात. कोणाला साखर चालत नाही, कोणाचा गुरुवार आहे, कोणाच्या घरी काय बिनसलंय, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्या हातची उसळ तीनशे लोकांच्या पोटात असते. त्यांना त्रयस्थ म्हणायचं, तर सख्खं कोणाला म्हणायचं? हे आपलं सहज लिहिलं. यातून काही अर्थ काढू नका.

एक विनंती. त्या मेलचा पहिला परिच्छेद तुम्ही वाचलात, तेवढाच पुरे. शेवटच्या ओळी कृपा करून वाचू नका. मी लाजून मरेन. आणि लोक हसतात ते वाईट हसत नाहीत, एवढा माझ्यावर विश्वास ठेवा.

धनेश

---

लालबाग
९ डिसेंबर २०२५

आरोहीबाय, आशीर्वाद.

मी सुभद्रा धुरी. तुझ्या टेबलावर सकाळी साडेदहाला आणि दुपारी चारला चहा ठेवते ती. मी सातवी पास आहे, शाळेतली भाषा लिहिते. मधेच मालवणी आली तर सांभाळून घे.

तुमची पाकिटं वर-खाली मीच नेत होते. मी एकही उघडलं नाही. शेवटची दोन तेवढी किटलीच्या वाफेवर आपली आपण उघडली. उघडलीच म्हणून वाचली. वाचली आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

धनेश खोटं बोलतो. त्याला ऑम्लेट येत नाही. अंडी करपवतो.

ती मेल मी पाठवली. गाऱ्हाणं माझं. मी सांगत होते आणि तो टाइप करत होता. छापून एक कागद माझ्याकडे ठेवायचा, म्हणून तो कागद आणायला गेला. संगणक चालूच होता. मी बघितलं तर वर एकट्या अण्णाचं नाव. मनात म्हटलं, हे काय? गाऱ्हाणं एकट्यापुढे घालतात काय गो? मागणं मागितलं आणि व्हय म्हणायला कोणीच नाही, तर देवाला कळायचं कसं की सगळ्यांना हवंय? आमच्याकडे जत्रेत बारका पोरगासुद्धा व्हय म्हणतो, तेव्हा ते पोचतं. त्या नावावर बोट ठेवलं तर खाली यादी उघडली. 'सर्व कर्मचारी' लिहिलं होतं. मला वाटलं, हेच बरोबर. ज्यांच्यासाठी मागितलं त्यांनीच व्हय म्हणावं. दाबलं.

मग एकेक व्हय यायला लागलं, तुला काय सांगू! वरून खालून, शिवडीतून, रे रोडातून. अकाउंटच्या राधाबाईंनी तर सगळ्यांच्या आधी पाठवलं. मी तिथेच खुर्चीत बसून हात जोडले. एवढे व्हय आमच्या गावच्या जत्रेतपण पडत नाहीत. पोरगा रीम घेऊन आला, त्यानं बघितलं आणि पांढराफटक पडला. तरी पहिला शब्द काय बोलला? "मावशी, तू उठ. तू इथे नव्हतीस."

त्याला मी मांडीवर वाढवलाय. आमची दारं चाळीत एकमेकांना लागून. त्याच्या आईला नवऱ्यामागे एवढा एकच आधार. त्याची नोकरी माझ्या बोटामुळे गेली तर मी त्या माउलीला तोंड कसं दाखवू? तुझ्या नियमात बाहेरच्या माणसाचा पास जातो, असं लिहिलंय. म्हणून माझा पास सोबत पाठवते. चौदा वर्षांचा आहे, त्यातला फोटो बघू नको, तेव्हा मी बारीक होते. खालच्या कॅन्टीनसाठी माझ्याकडे सात बायका भाकऱ्या थापतात. त्यांचं काय करायचं ते मी बघेन, कुठे तरी दुसरीकडे हात-पाय मारेन. पण पोराचं नाव देऊ नको.

तू खात नाहीस. कपाटात ठेवतेस, असं वाचलं. ते बरं नाही.

सुभद्रामावशी

---

तळमजला
९ डिसेंबर, दुपार

मॅडम,

मावशीनं आत्ताच सांगितलं. तिनं आज डब्याखाली ठेवलेलं पत्र तुम्ही वाचलं नसेल तर वाचू नका. वाचलं असेल तर विसरा. मावशी भावनेच्या भरात काहीही लिहिते. मागे एकदा चाळीतली पाण्याची टाकी फुटली होती, तेव्हासुद्धा तिनं गुन्हा कबूल केला होता. तेव्हा ती गावाला होती!

आता खरं सांगतो. मी संगणक उघडा टाकून गेलो. कुलूप न लावता दुकान सोडलं, तर आत येणाऱ्याचा काय दोष? नाव माझं द्या. पेढे रद्द करता येतात. आई थोडी ओरडेल, मग स्वतःच शिरा करेल. पण मावशीचा पास परत करा. तो नसला तर ती उद्या सकाळी गेटबाहेर किटली घेऊन उभी राहील आणि तीनशे माणसं चहा प्यायला रस्त्यावर येतील. ते तुमच्या कुठल्याच नियमात बसणार नाही.

खरंच सांगतो, मॅडम, मी घाबरलोय. आजपर्यंत गंमत करत होतो ते घाबरल्यामुळेच.

धनेश

---

तिसरा मजला
१२ डिसेंबर २०२५

श्री. धनेश मेस्त्री आणि श्रीमती सुभद्रा धुरी यांस, दोघांना मिळून एकच पत्र. पाकीट मुद्दामच बंद केलेलं नाही. वाफ वाया घालवू नये.

गेल्या शनिवारी, सहा तारखेला, आई-बाबा नागपूरहून दादरला बाबासाहेबांच्या अभिवादनासाठी आले होते. रांगेत उभं असताना मी बाबांना हे सगळं प्रकरण सांगितलं. त्यांनी विचारलं, "अर्ज शेवटपर्यंत वाचलास?" मी म्हटलं, पहिला परिच्छेद वाचला, पुरावा म्हणून तेवढा पुरेसा आहे. बाबा म्हणाले, "पोरी, लोक खरी गोष्ट शेवटी लिहितात. आधी लिहायला लाजतात."

सोमवारी ऑफिसात आल्याबरोबर मी ती मेल सहीपर्यंत वाचली. श्री. मेस्त्री, तुमची विनंती मोडली, त्याबद्दल दिलगीर आहे. त्यात राधाबाईंच्या गुडघ्यासाठी मागणं आहे. रे रोडच्या मनूच्या मुलीला नोकरी लागावी, असं आहे. लिफ्टला बुद्धी यावी, असंही आहे. आणि अगदी शेवटी हे आहे:

"तिसऱ्या माळ्यार एक चेडू नवीन इलेली आसा, घरापासून लांब. दुपारी बिस्किटार दीस काढता आणि काचेकडे बघत बसता. तिका भूक लागांदे रे म्हाराजा, आणि तिच्या वांगडा कोण तरी जेवक बसांदे."

'चेडू' म्हणजे मुलगी आणि 'वांगडा' म्हणजे बरोबर, हे मी राधाबाईंना विचारलं. त्यांनी मला सांगितलं आणि वर एक केळं दिलं.

मग मी १८७ उत्तरं पुन्हा काढली. ६३ जणांनी उत्तराखाली नेमकी हीच ओळ चिकटवली आहे. म्हणजे ती केळी, तो लाडू, ते थालीपीठ. आठवडाभर मी ज्याला लाच म्हणून तारीखवार नोंदवत होते, ते हे होतं. मुंबईत येऊन मला सात महिने झाले. माटुंग्याच्या खोलीवर मी जेवले की नाही, हे इथं कोणी विचारत नाही, असं मी आईला फोनवर सांगत असते. मी दार लावून रडले. नियमांत याची तरतूद नाही, म्हणून नोंद केलेली नाही.

आता निर्णय.

चौकशी समितीत पाच सदस्य होते. नियम १९ प्रमाणे प्रकरणात सामील असलेल्या सदस्याला समितीत बसता येत नाही. चार सदस्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलेलं आहे. अध्यक्ष श्री. शामराव कोंडुरकर साहेब यादीत ४१ व्या क्रमांकावर आहेत. त्यांचं उत्तर दुबईहून १ वाजून ३१ मिनिटांनी आलं, पुढे तीन उद्गारचिन्हं आहेत. उरले मी.

श्रीमती धुरी: आपल्याला ही नियमावली चौदा वर्षांत एकदा मिळाली, बेचाळीस पानं, इंग्रजीत. शेवटच्या पानावर आपली सही आहे आणि शेजारी हळदीचं बोट. न समजणाऱ्या भाषेतल्या नियमाखाली कोणाचा पास जाऊ शकत नाही. पास सोबत परत करत आहे. फोटो पाहिला. छान आहे.

श्री. मेस्त्री: पासवर्ड दिला नाही, हे रजिस्टर आणि मावशींचं पत्र यांवरून सिद्ध होतं. त्यामुळे नियम ४ लागू होत नाही, जानेवारीला अडथळा नाही. पडदा कुलूपबंद न करता उठल्याबद्दल लेखी ताकीद. शिवाय ती बेचाळीस पानं तुम्ही मराठीत दोन पानांवर आणायची, आणि ती मावशींनी वाचून "कळलं" म्हणेपर्यंत काम पुरं झालं असं धरू नये. कागद चहाच्या खिडकीशेजारी लागेल. पेढ्यांची ऑर्डर रद्द करू नये.

मला एक नाव द्यायचं होतं. ते मी आज सकाळी दिलं: आरोही वासनिक. 'सर्व कर्मचारी' हा पत्ता तळमजल्यापासून वरपर्यंत कोणालाही वापरता येतो आणि तो बंद करायला हवा, हे माझ्या वहीत १४ नोव्हेंबरला लिहिलेलं आहे. शेजारी माझ्याच अक्षरात "पुढच्या आठवड्यात" असं आहे. मी ते पान अहवालाला जोडलं. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, हसू दाबलं आणि "पाहिले" असं लिहून सही केली. पत्ता आता बंद केला आहे. यापुढे वर्षातून एकदा गाऱ्हाणं कॅन्टीनमध्ये तोंडी व्हावं, अशी शिफारस मी केली आहे. तोंडी "व्हय म्हाराजा"ला सर्व्हर लागत नाही.

राहता राहिला मूळ अर्ज. आमच्या घरात अर्जाला उत्तर देतातच. गुडघा, नोकरी आणि लिफ्ट माझ्या अखत्यारीत नाहीत. लिफ्टबद्दल मी देखभालवाल्यांना लिहिलं आहे. शेवटची मागणी माझ्या अखत्यारीतली आहे, त्यातली निम्मी तरी.

भूक: मंजूर. सोमवारी एक वाजून बारा मिनिटांनी खाली कॅन्टीनमध्ये येते. भाकऱ्या दोन. उसळ जी असेल ती.

बरोबर कोण बसणार, हे लेखी कळवावं.

आरोही वासनिक

---

तळमजला
१२ डिसेंबर २०२५, पावणेपाच

मॅडम,

लॉगिन चालू झालं, आभार. तरी कागदावरच लिहितोय, कारण हे सर्वांना गेलं तर पुन्हा सर्व्हर बसेल. पाकीट मावशी स्वतः घेऊन येते आहे. ती जिन्यानं चढते आहे, कारण लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली आहे आणि तिला तेवढा धीर नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीला माझं लेखी उत्तर:

व्हय म्हाराजा.

धनेश